ओढावें किती?

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा कींव करण्यासाठीं किंवा थट्टेसाठीं योजितात. ज्याला स्वतःचें घर नाहीं, जेथें पाठ टेकेल तेथें ज्याचा संसार, अशा माणसाविषयीं ती बोलण्याचा प्रघात आहे. परंतु गेल्या पौषांत, सोलापुरांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली होती त्या सुमारास, आमच्या एका स्नेह्यांनीं ही म्हण स्वतःच्या खर्चानें खरी करून दाखविली. आणि तीहि गरजेपोटीं नव्हे, हौसेपोटीं. त्यांच्या त्या हौसेंतून एक प्रश्न आमच्या मनांत शिरला. तो त्यांच्या गाडीविषयींचा म्हणून सुरू झाला आणि आमच्या स्वतःच्या दारांत येऊन थांबला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचे हे स्नेही सरकारी बांधकाम खात्यांतून अभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठीं रस्ते केले, आतां त्या रस्त्यांवरून स्वतः हिंडावें, असा त्यांचा मानस. त्यांच्यापाशीं मध्यम आकाराची, उंच बांध्याची मोटार होती. हल्लीं तिला एस्. यू. व्ही. या तीन अक्षरांनीं ओळखतात. तिच्यामागें जोडावयाची एक लहानशी बिऱ्हाडगाडी त्यांनीं आणविली. दोन चाकें, दोघांना निजण्यापुरती जागा, एक शेगडी, भांड्यांचें फडताळ आणि साठ लिटर पाण्याची टांकी, इतका तो संसार. ही हौस आपल्याकडे नवी असली तरी जगांत जुनी आहे. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, इंग्लंडच्या आरमारांतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरनें ‘वाँडरर’ नांवाची घरगाडी बांधवून घेतली आणि तिला दोन घोडे जोडून तो स्कॉटलंडपर्यंत हिंडला. त्याचा नोकर तिचाकी सायकलीवरून पुढें जाऊन रस्ता मोकळा आहे कीं नाहीं तें पाहत असे. म्हणजे त्या स्वच्छंदाचाहि कांहीं भार दुसऱ्याच्या पायांवर होताच. १९०७ सालीं इंग्लंडांत अशा हौशी लोकांचा क्लब निघाला, आणि पुढें घोड्यांच्या जागीं मोटार आली. महाराष्ट्र सरकारनेंहि २०२१ सालीं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाविषयीं स्वतंत्र धोरण ठरविलें.

आम्हांस प्रथम हा सारा प्रकार गमतीचा वाटला. घराबाहेर पडावयाचें तर घर बरोबर कशाला, असें आम्हीं त्यांस विचारलें व आमच्या जिल्ह्यांतल्याच पंढरपूरचा दाखला दिला. “आषाढींत लाखों माणसें पायीं येतात. खांद्यावर पताका आणि काखेंत पडशी. यापलीकडे त्यांना कांहीं लागतें का?” स्नेही हांसून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, आपण वारी पुस्तकांत पाहिलेली दिसते. दिंडीच्या राहुट्या, शिधा, पातेलीं, पाण्याचे टँकर हें सारें मुक्कामावर कसें पोंचतें? वारकरीहि ओझें नेतोच. तें कोणावर घालावयाचें हें तो निघण्याआधीं ठरवतो, इतकेंच.” हें आम्हांस निमूटपणें कबूल करावें लागलें. प्रवासांत ओझें असावें कीं नसावें हा वाद फोल आहे. जगावयाचें म्हणजे कांहीं ना कांहीं ओढावें लागतेंच. खरा प्रश्न, किती ओढावें आणि तें कोणी, हा आहे.

स्नेह्यांनीं ‘किती’चा हिशेब फार काटेकोरपणें मांडला होता. मागच्या गाडीच्या वजनापैकीं शेंकडा १० ते १५ इतका भार मोटारीच्या जोडावर पडावा, असा या विद्येंतला सर्वसाधारण नियम आहे. त्याहून कमी पडला तर मागची गाडी कुत्र्याच्या शेपटीसारखी डोलूं लागते. फार पडला तर मोटारीचीं पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूं हातांत राहत नाहीं. हें ऐकतांना आम्हांस वाटलें, कीं खेड्यांतल्या गाडीवानास हें शास्त्र आंकड्यांवांचूनच ठाऊक असतें. माल मागें फार भरला कीं बैलगाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फांस बसतो; पुढें फार भरला कीं त्यांच्या मानेला रग लागते. गाडीवान दोन पोतीं पुढें सरकवतो, दोन मागें ओढतो, आणि बैलांकडे पाहून ‘आतां जमलें’ म्हणतो.

आम्हीं विचारलें, “आपली मोटार मुळांत ओढूं शकते किती?” यावर स्नेह्यांनीं जें उत्तर दिलें त्यानेंच आमच्या विचाराची दिशा बदलली. ते म्हणाले, “किती ओढते हें मोटार विकणारा सांगतो. किती ओझ्यासकट ती थांबते हें आपलें आपण पाहावयाचें असतें.” वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबविण्याचें काम चौपट होतें. चढणीवर ओझें मागें खेंचतें. तेथें फार तर गाडी मंदावेल, इंजिन तापेल. पण उतारावर तेंच ओझें पुढें रेटूं लागतें, आणि जो आतांपर्यंत ओढीत होता त्यालाच तें ढकलीत नेतें. त्यांच्या बिऱ्हाडगाडीच्या जोडांत यासाठीं एक युक्ति होती. मोटार मंदावली आणि मागची गाडी रेटूं लागली, कीं त्या रेट्यानेंच तिचे स्वतःचे ब्रेक दाबले जात. युरोपांत ७५० किलोंपर्यंतच्या जोडगाड्यांना ब्रेकांवांचून चालण्याची मोकळीक असते; त्यापुढें त्यांना स्वतःचे ब्रेक असावेच लागतात.

आमच्या पिढीनें शक्तीचें मोजमाप नेहमीं चढणीवर केलें. किती मिळविलें, किती बांधलें, किती जणांना बरोबर ओढीत वर आणलें, यावरून आपण माणसाची योग्यता ठरवितों. तो मनांत आणील तेव्हां थांबूं शकेल काय, हें कोणी विचारीत नाहीं. परंतु हा विचार येथवर सोपा व सुखकर होता. वर्गांत सांगावा असा होता. पुढें जें घडलें तें वर्गांत सांगण्यासारखें नव्हतें.

बिऱ्हाडगाडी सामानानें भरल्यावर तिचें वजन करावें म्हणून स्नेही पंढरपूर रस्त्यावरच्या एका खासगी वजनकांट्यावर गेले. आम्ही बरोबर होतों. गाडीवरच्या पत्र्यावर ८०० किलोंची मर्यादा लिहिलेली होती. कांट्यानें ८६० दाखविले. स्नेह्यांनीं क्षणभरहि विचार केला नाहीं. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. त्यांनीं टांकीचा नळ सोडला आणि सारें पाणी शेजारच्या कडुलिंबाच्या बुंध्याशीं वाहूं दिलें. मग पुन्हां वजन केलें.

आमच्यामागें उंसाचा एक ट्रॅक्टर उभा होता. कारखान्याच्या कांट्याशीं ताडून पाहतां यावें म्हणून कांहीं शेतकरी ऊंस आधीं बाहेरच्या कांट्यावर घालतात, त्यांपैकींच तो असावा. त्याला दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या, आणि ऊंस कडांच्या वर माणूसभर रचलेला होता. निव्वळ ऊंस एकोणीस टन भरला. ट्रॉल्यांचें वजन निराळें. ट्रॅक्टर स्वतः अडीच टनांच्या घरांत. साठ किलो अधिक झाले म्हणून पाणी ओतून देणारे आमचे स्नेही, आणि स्वतःच्या आठनऊपट ओझें घेऊन उभा असलेला तो ट्रॅक्टर, हे एकाच कांट्यावर एकामागून एक आले.

स्नेह्यांतला अभियंता जागा झाला. त्यांनीं ड्रायव्हरला विचारलें, “ट्रॉल्यांना ब्रेक आहेत का रे, बाबा?” वीसबावीस वर्षांचा तो मुलगा बीडकडचा होता. तो म्हणाला, “न्हाय मालक. ब्रेक ट्रॅक्टरचंच. वढायचं काय न्हाय, वढतंय. उताराला तेवढं जपायचं.” आम्हीं विचारलें, “पण इतकें भरावयाचें हें ठरवतो कोण?” तो म्हणाला, “ठरवतंय कोण? समदीच म्हनत्यात, अजून चार मोळ्या घाल.”

बोलतां बोलतां त्यानें सांगितलें, कीं दिवाळीच्या सुमारास याच ट्रॉल्यांवर त्याच्या टोळीचें बिऱ्हाड आलें होतें. दहाबारा कोयते, म्हणजे दहाबारा नवराबायकोंच्या जोड्या, त्यांचीं मुलें, भांडीं, शेळ्या, कोंबड्या. आतां तीं सारीं कारखान्याजवळ कोपींत राहत होतीं. म्हणजे बिऱ्हाड मागें बांधून हिंडणारी मंडळी आमच्या जिल्ह्यांत कांहीं स्नेह्यांपासून सुरू झाली नव्हती. तीं दर वर्षीं आमच्या डोळ्यांदेखत येत होतीं. त्यांच्याविषयीं धोरणाचा लेख लिहावा असें मात्र आम्हांस कधीं सुचलें नव्हतें.

वाचकहो, येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमची वडिलार्जित चार एकर जमीन माळशिरस तालुक्यांत आहे. तीत ऊंस असतो. तो दर वर्षीं अशाच टोळीकडून तोडला जातो आणि अशाच ट्रॉल्यांतून कारखान्यास जातो. बिल आमच्या बँकेंत जमा होतें. ट्रॉलींत किती टन भरले, हें आम्ही पावतीवर वाचतों. पण तें वाचतांना जितका आंकडा मोठा तितका आनंद मोठा, याखेरीज दुसरा विचार आम्हीं कधीं केला नव्हता.

आणखी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतला एक विद्यार्थी रात्रीं मोटारसायकलवरून गांवाकडे जात असतां रस्त्यावर उभ्या असलेल्या उंसाच्या ट्रॉलीवर आदळून मरण पावला. ओझ्यानें ट्रॉलीचा आंस मोडला होता. ती जागच्या जागीं सोडून ड्रायव्हर मदत आणावयास गेला होता. मागें दिवा नव्हता. कॉलेजांत शोकसभा झाली, आम्हीं भाषण केलें, आणि त्या भाषणांत ‘नियति’ हा शब्द वापरला. आमचा ऊंस त्यापूर्वींच तुटून गेला होता, म्हणून ती ट्रॉली आमची नव्हती, हें आम्हीं मनांतल्या मनांत तारखा जुळवून पाहिलें होतें. तारखा जुळवाव्याशा वाटल्या, यांतच आमचें मन काय जाणत होतें तें आलें. कांट्यावरून परततांना आम्हांस तो ‘नियति’ शब्द आठवला आणि शरम वाटली. आंस नियतीनें मोडत नाहीं. चार मोळ्या अधिक घातल्यानें मोडतो.

त्या चार मोळ्या कोणाच्या? वाहतूकदाराला टनावर आणि अंतरावर पैसे मिळतात. त्यानें आधीं उचल घेतलेली असते. तोडणाऱ्यांनाहि टनावरच. तोडलेला ऊंस वाळला कीं वजन घटतें, म्हणून शेतकऱ्याला घाई. कारखान्याला गाळप थांबूं द्यावयाचें नसतें. यांत दुष्ट असा कोणी सांपडत नाहीं. प्रत्येक जण आपल्यापुरत्या मोळ्या घालतो, आणि त्यांची बेरीज एका पोराच्या पायाखालच्या ब्रेकवर येऊन पडते.

कोणी म्हणेल, तो पोरगा तरी स्वखुषीनेंच हें काम पत्करतो. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत वादळांत सांपडलेल्या गलबताचें उदाहरण घेतलें आहे. जीव वांचावा म्हणून माणसें माल समुद्रांत फेंकतात; तें कृत्य स्वेच्छेचें म्हणावें कीं सक्तीचें? त्या क्षणीं तें माणूस आपण होऊन करतो, परंतु एरवीं कोणीहि तें आपण होऊन करणार नाहीं, असा त्याचा निर्वाळा आहे. आमच्या स्नेह्यांना पाणी ओतून देण्याची मोकळीक होती. ड्रायव्हरचें गलबत उलट्या जातीचें. त्याला बुडण्याची भीति माल फेंकल्यानें वाटते. त्याच्या संमतीला स्वेच्छा म्हणणें हें आमच्या सोयीचें आहे, एवढेंच.

दुसरें कोणी म्हणेल, यासाठीं कायदा आहे. आहेच. वाहनांना वजनाची मर्यादा असते. बैलांनाहि आहे. १९६५ सालीं केंद्र सरकारनें ओढकामाच्या जनावरांसाठीं नियम केले. दिवसाकाठीं एकंदर ९ तासांहून अधिक काम नको. विश्रांतीवांचून सलग ५ तासांहून अधिक नको. जेथें उष्णतामान ३७ अंशांवर जातें तेथें दुपारीं १२ ते ३ जुंपावयाचें नाहीं. वाट लांब व तीव्र चढणीची असेल तर ओझें निम्में. सोलापुरच्या वैशाखांत ३७ अंश म्हणजे सौम्य दिवस, हें येथील वाचकांस सांगावयास नको. हे नियम सर्वत्र पाळले जातात असें आम्ही म्हणत नाहीं. बैल खालीं बसेपर्यंत गाडी भरणारे आम्हीं पाहिले आहेत. परंतु नियम करणाऱ्यास निदान एक गोष्ट सोपी होती. बैल थकलेला दिसतो. त्याच्या तोंडाला फेंस येतो, तो बसतो, आणि ज्यानें ओझें घातलें तो त्याच्याच पाठीमागें बसलेला असतो. यंत्र बसत नाहीं. तें ‘वढतंय’. जसजशी ओढण्याची शक्ति वाढत गेली, तसतसा ओझें ठरविणारा ओझ्यापासून दूर जात गेला. आमच्या स्नेह्यांचा संयम मोठा होता हें खरें. पण त्यांना तो सुचण्याचें कारणहि होतें. उतारावर सुकाणूं त्यांच्याच हातांत थरथरणार होतें. एकोणीस टनांचा निर्णय करणाऱ्या आम्हां सर्वांचे हात मात्र कोरडे व स्थिर होते.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच आहे, कीं जो ओझें ठरवितो त्याच्या हाताला तें जाणवलें पाहिजे. जाणवत नसेल तर त्यानें जाणवेल अशा जागीं जाऊन बसावें.

पंधरवड्यानें आमच्या उंसाला तोड आली. आम्हीं रजा घेऊन शेतावर गेलों आणि वाहतूकदारास सांगितलें, कीं आमच्या रानांतला ऊंस ट्रॉलीच्या कडांवर जाऊं द्यावयाचा नाहीं. त्यापायीं जी खेप वाढेल तिचें डिझेल आमच्याकडे. तो “मालक म्हणतील तसं” म्हणाला. शेजारचे शेतकरी हांसले, एकजण म्हणाला, “सरांना पगार हाय, सरांना परवडतं.” तो खोटें बोलला नाहीं. ट्रॉल्या कडांपर्यंतच भरल्या, आणि आम्हांस मनांतून बरें वाटलें. चौथ्या दिवशीं पहाटे ड्रायव्हर ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसल्या बसल्या झोंपलेला आढळला. वाढलेली खेप तो रात्रीं करीत होता. आम्हीं डिझेलचा हिशेब केला होता. त्याच्या झोंपेचा केला नव्हता. ओझें हलकें झालें होतें, आणि तें ओढणारा अधिक थकला होता.

त्या रात्रींच्या खेपेला आम्ही त्याच्याबरोबर गेलों. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें ट्रॅक्टरच्या मडगार्डावर बसून जाणें शोभत नाहीं, आणि तें नियमांतहि बसत नाहीं. पण गेलों. ओढ्याच्या पुलाआधीं एक उतार आहे. मोटारींतून जातांना तो उतार आहे हें आम्हांस कधीं कळलेंहि नव्हतें. तेथें ड्रायव्हरनें आधींच गियर खालीं घेतला, आणि तरीहि मागून कोणी खांद्यानें ढकलावें तसा एक सावकाश, जड धक्का आला. त्या पोरानें दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. ट्रॅक्टर मंदावला. ट्रॉल्या कडांपर्यंतच भरलेल्या होत्या. दर खेपेला त्या माणूसभर उंच असतात, हें आम्हांस त्या क्षणीं पाठीच्या कण्यांतून समजलें.

ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा रथ दिवे घाट चढूं लागतो तेव्हां त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. नेहमींची जोडी किती सोसेल हें तेथें कोणी अजमावून पाहत नाहीं. चढण आली, ओढणारे वाढवा, असा तो सरळ हिशेब आहे, आणि त्याचा भार वाटेवरचीं माणसें आनंदानें उचलतात. आपल्या वारीला जें कळतें तें आपल्या हंगामाला कां कळूं नये? खेपा वाढवावयाच्या तर दुसरा ड्रायव्हर पाहिजे. ट्रॉल्यांना ब्रेक पाहिजेत, मागें दिवे पाहिजेत. आणि त्यांचा खर्च उंसाच्या मालकानें, वाहतूकदारानें व कारखान्यानें वांटून घेतला पाहिजे. पुढील हंगामापूर्वीं गांवांत शेतकऱ्यांची बैठक भरते, तेथें आम्ही हें मांडणार आहों. “सरांना परवडतं” हें वाक्य पुन्हां ऐकावें लागेल, आणि ज्याची दोनच एकरें आहेत त्याला काय सांगावें याचें पुरतें उत्तर आजहि आमच्यापाशीं नाहीं.

आमचे स्नेही सध्यां बिऱ्हाडगाडी घेऊन कोंकणांत गेले आहेत. टांकी अर्धीच भरून निघाले, असें त्यांनीं कळविलें आहे.